ज्या शहरात कुणीच राहत नाही

सातव्या भागात शहर जळालं तेव्हा बाहेरच्या खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि रेवती दिघे उठून स्वयंपाकघरात गेली. गॅसवर काही नव्हतं. ओट्यावर पालथी घातलेली धुतलेली भांडी तिनं पुन्हा धुवायला घेतली. बाहेरून तिच्या मुलीचा, सुखदाचा, आवाज आला.

"आई, अगं ये ना! तुझी आग बघ काय दिसतेय! यार, क्या शॉट है!"

रेवतीनं नळ मोठा सोडला.

जळालेलं शहर तिनं रंगवलेलं होतं. जपानमधल्या एका कंपनीनं काढलेली ती बारा भागांची ॲनिमे मालिका होती. ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका. ही मात्र मुलांसाठी नव्हती. नाव होतं 'काचेखालचं शहर'. पुढच्या कुठल्याशा काळात माणसं एका प्रचंड काचेच्या घुमटाखाली राहतात. वरच्या मजल्यांवर उजेड, बागा आणि कडक नियम. खाली अंधार, गंज आणि नावाऐवजी नंबर दिलेली माणसं. पात्रं जपानात काढली गेली. पात्रांच्या मागचं शहर नोएडातल्या एका स्टुडिओनं रंगवलं, आणि त्यातलं खालचं शहर, म्हणजे दोनशे चौदा चित्रं, एकट्या रेवतीनं. त्याला दोन वर्षं लागली.

रेवती मूळची मिरजेची. चित्रकलेची पदविका घेऊन ती एका शाळेत नोकरीला लागली होती, तेवढ्यात लग्न झालं आणि नवऱ्यामागे दिल्लीला आली. श्रीरंग केंद्र सरकारात होता. आर. के. पुरममधलं सरकारी घर, खाली स्कूटर, वर गच्चीत पाण्याची टाकी, शेजारी एक बंगाली आणि एक तमिळ कुटुंब. सुरुवातीची दहा वर्षं तिनं मराठी मंडळाच्या नाटकांचे पडदे रंगवले आणि शाळेच्या पुस्तकांत आंबा, बैल, विहीर काढली. एकोणचाळिसाव्या वर्षी ती नोएडाच्या स्टुडिओत नोकरीला गेली आणि निम्म्या वयाच्या मुलांबरोबर बसून संगणकावर रंगवायला शिकली. मुलं आधी हसायची. पुढे कुणाची भिंत वाकडी उभी राहिली की "रेवतीताई से पूछ लो" म्हणायला लागली. आता ती एकावन्न वर्षांची होती. रोज सकाळी मेट्रोच्या मजेंटा लाइननं बॉटॅनिकल गार्डनपर्यंत जायचं, तिथून ई-रिक्षा. बारा वर्षांत तिनं फक्त मागचं रंगवलं होतं. पुढे कोण उभं राहणार हे तिला कधी ठाऊक नसायचं.

त्या धंद्याची रीतच तशी आहे. गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांना कथा देत नाहीत. एक तक्ता येतो. दृश्याचा क्रमांक, रेघांचं कच्चं चित्र, दिवसाची वेळ, उजेड कुठून येतो, संपलं. मोबाईल दारातल्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि 'भाग पाच, दृश्य एकशे बारा, खालच्या शहरातली खोली, संध्याकाळ' एवढ्यावर काम सुरू करायचं.

बाकीचे तेवढ्यावर रंगवायचे. रेवतीला ते जमायचं नाही. खोली रंगवायची म्हणजे आधी त्या खोलीत कोण राहतं हे तिला ठरवावं लागे. कथा नसेल तर ती स्वतः रचायची. खालच्या शहरासाठी तिनं माणसं शोधली ती फरीदाबादमध्ये. मराठी मंडळ दरवर्षी तिथल्या मराठी कामगारांच्या वस्तीत मुलांना वह्या-दप्तरं वाटायचं. तिथं तिची जालन्याच्या शेवंताशी ओळख झाली. शेवंता एका कारखान्यात नट-बोल्ट पाकिटात भरायची. तिच्या खोलीत रेवती चार रविवार वही घेऊन बसली. पत्र्यातून येणारा उजेड, साखळीनं बांधलेले पाण्याचे ड्रम, फळीवर उंचीप्रमाणे लावलेले डबे, भरलेल्या हंड्याखाली जमिनीवर पडलेलं ओलं वर्तुळ. सगळं तिनं टिपून घेतलं आणि काचेखालच्या शहरात नेऊन ठेवलं. जपानी लोकांनी हंड्याऐवजी पत्र्याचं पिंप मागितलं, तेवढा बदल तिनं केला. पण ओलं वर्तुळ ठेवलं.

"आमचं घर टीव्हीत येणार व्हय ताई?" शेवंतानं विचारलं होतं.

"तुझंच असं नाही. पण तुझ्यासारखं."

"मंग आलं की दाखवा. इसरू नका."

"दाखवते की," रेवती म्हणाली होती.

तर त्या रविवारी दुपारी सगळे मालिका बघायला जमले होते. श्रीरंग, सुखदा आणि मंडळाच्या शुभदाताई, ज्यांनी बावीस वर्षांपूर्वी रेवतीला पहिला पडदा रंगवायला दिला होता. शुभदाताईंनी खास चकल्या तळून आणल्या होत्या. पहिले तीन भाग सगळे गप्प बसून पाहत होते आणि रेवतीचा ऊर भरून येत होता. खोटं कशाला बोला, चित्रं अप्रतिम होती. घुमटावर पाऊस पडायचा आणि खालच्या लोकांना नुसता त्याचा आवाज यायचा, पाणी नाही. दोन इमारतींच्या फटीतून गाडी जायची आणि प्रत्येक खिडकीचा उजेड समोरच्या गंजक्या भिंतीवरून एकेक करून सरकत जायचा. राख पडताना आवाज बंद केला होता. त्या शांततेत शुभदाताईंना चकली मोडायचा संकोच वाटला. असं काम रेवतीनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्यात तिचा हात होता.

चौथ्या भागापासून गोष्ट लंगडायला लागली. नायक दर भागात एका उंच जागी उभा राहून माणूस म्हणजे काय यावर बोलायचा. खलनायक आपला सगळा बेत स्वतःच सांगायचा. एक मुलगी होती, ती मरायची आहे हे तिच्या पहिल्या हसण्यातच कळत होतं.

"पाण्याचं रेशन आहे ना इथं?" श्रीरंग म्हणाला. "मग ह्याचे केस रोज शाम्पू केल्यासारखे कसे?"

"बाबा, प्लीज. ॲनिमे है."

"असू दे ना. स्वयंपाक कोण करतं या शहरात? चार भाग झाले, कुणी भात लावलेला दिसला नाही."

रेवतीही हसली होती. तोपर्यंत तिला राग नव्हता.

सातव्या भागात खुलासा झाला. खालच्या माणसांच्या स्मृती फार पूर्वीच पुसून टाकलेल्या असतात. त्यांना काही वाटत नाही, आठवत नाही. ती नुसती हलणारी शरीरं आहेत. नायक दोन मिनिटं रडतो आणि मग खालचं शहर पेटवून देतो, कारण तीच दया. एकेचाळीस सेकंदांची आग. मागे पियानो. रेवतीच्या खोल्या एकामागून एक येत गेल्या, डब्यांची फळी, दोरीवरचे कपडे, पिंप, आणि प्रत्येक खोली पेटण्याआधी क्षणभर सोन्यासारखी उजळून निघत होती. माणसं दिसली ती लांबून. करडी, चेहरा नसलेली, जिना उतरणारी रांग.

आणि टाळ्या.

भांडी तिसऱ्यांदा धुवून ती बाहेर आली तेव्हा शुभदाताई म्हणाल्या, "अगं रेवती, कुठं होतीस? डोळ्याचं पारणं फिटलं बाई!"

"कशानं फिटलं?"

"अगं, ती आग!"

"त्या घरात माणसं होती, शुभदाताई."

"अगं पण त्यांना काही वाटत नव्हतं ना? तो म्हणाला की."

"तो म्हणाला म्हणून? डबे उंचीप्रमाणे कोण लावतं? ज्याला काही वाटत नाही तो?"

सुखदानं रिमोट हातात घेऊन उगाच उलटासुलटा केला.

"आई, तू ओव्हररिॲक्ट करतेयस. ते सिंबॉलिक आहे."

"कशाचं?"

रेवतीनं उरलेले पाच भाग उभं राहूनच पाहिले. शेवटी घाईघाईनं सूर्य उगवला, नायकानं काच फोडली आणि श्रेयनामावलीत नोएडाच्या स्टुडिओची तीस नावं सरसर वर गेली. तिचं कुठलं ते वाचेपर्यंत गेलंही.

आठवड्याभरात स्टुडिओत एक फॉर्म फिरला. मालिका जगभर गाजली होती, दुसरं पर्व ठरलं होतं, तेही आगीच्या आधीच्या दिवसांपासून पुन्हा सुरू होणारं. जपानकडून प्रत्येक विभागाचं मत मागवलं होतं. दोन रकाने होते, बलस्थाने आणि उणिवा. स्टुडिओचा प्रमुख चिन्मय पुण्याचा, छत्तिशीतला, गोड बोलणारा. तो रेवतीच्या टेबलाशी येऊन बसला.

"रेवतीताई, एक गुड न्यूज. सेकंड सीझनला पार्श्वभूमीची लीड तुम्ही. पडद्यावर नाव एकटं येणार, स्वतंत्र. बोललोय मी त्यांच्याशी."

बारा वर्षांत रेवतीनं हे मागितलं नव्हतं, पण मनात धरलं नव्हतं असंही नाही.

"आणि फॉर्म भरून टाका हं. उणिवांमध्ये काहीतरी हलकंफुलकं लिहा. वेळ कमी मिळाला वगैरे."

घरी श्रीरंगनं फॉर्म पाहिला आणि चष्मा काढला. तीस वर्षं त्यानं फायलींवर शेरे मारले होते.

"लिहू नकोस," तो म्हणाला. "मत मागणाऱ्याला मत नको असतं, रेवती. पोच हवी असते."

"तू पाहिलास ना तो भाग?"

"पाहिला. चित्रं उत्तम, गोष्ट सुमार. पण ते तू का सांगायचं? तुझं खातं वेगळं."

"माझं खातं जाळलं त्यांनी."

तिनं बलस्थानांचा रकाना आधी भरला, मनापासून, स्तुतीत हात आखडता न घेता. मग उणिवा लिहायला घेतल्या आणि चार ओळींवर अडकली. राग खूप होता, पण तो कागदावर आला की नुसता त्रागा वाटत होता. 'खालच्या लोकांना चेहरे नाहीत.' बरं, मग? ते म्हणतील, तेच तर दाखवायचंय.

पुढच्या रविवारी ती फरीदाबादला गेली. शब्द दिला होता म्हणून गेली. शेवंताला आगीआधीचं दाखवायचं आणि निघायचं, असं तिनं ठरवलं होतं. शेवंतानं रेवतीच्या फोनवर खोलीचं दृश्य पाहिलं आणि खुदकन हसली.

"अगं बया! ही तर माझी फळी! डबे बी तसेच! गंजलेलं पिंप कशाला ठिवलं वं, माझा हंडा किती लखलखीत हाय!"

"ते त्यांना हवं होतं."

"म्होरं काय हुतं? लावा की."

"पुढं काही नाही."

"अशी कशी गोष्ट, म्होरं कायबी नाय?" म्हणत शेवंतानं स्वतःच बोट दाबलं. आग आली. रेवती दुसरीकडं बघत राहिली. एकेचाळीस सेकंद झाल्यावर शेवंतानं फोन खाली ठेवला. तिला राग आला नव्हता. ती गोंधळली होती.

"ताई, घर कुणाचं हे?"

"खालच्या लोकांचं. गोष्टीत म्हणतात की त्यांना काही आठवत नाही, काही कळत नाही."

"मंग पिंप भरून कुणी ठिवलं?"

"म्हणजे?"

"काठोकाठ हाय की. खाली वल आलीय. सकाळी उठून, लायनीत थांबून कुणीतरी भरलंय ते. आन भरलेलं पाणी टाकून कुणी जिना उतरतं व्हय? आग लागली तर आधी ते वतंल ना माणूस!" तिनं दुसऱ्यांदा बोट दाबून पाहिलं. "कुणीच वतीना झालंय. पाणी इतकं जवळ, आन कुणी हातच लावीना. असली कसली माणसं?"

परतीच्या मेट्रोत रेवतीला बसायला जागा मिळाली तरी ती उभीच राहिली. तिला स्वतःचाही राग आला होता. तिला कथा ठाऊक नव्हती, हे खरं. पण आगीच्या उजेडाच्या छटा तिनंच पाठवल्या होत्या. 'संध्याकाळ, नारंगी, खालून' एवढंच तक्त्यात होतं, आणि तिनं तो नारंगी इतका लाडानं रंगवला होता की घर जळताना पाहणाऱ्याला बरं वाटावं. चित्र देखणं होतं म्हणूनच खोटी गोष्ट खपली होती.

दुसऱ्या दिवशी उणिवांचा रकाना भरला. जागा पुरली नाही, तिनं पुरवणी जोडली. त्यात तिनं लिहिलं की या मालिकेची ताकद आणि तिचा दोष एकाच ठिकाणी आहेत. शहर इतकं खरं दिसतं की त्यात माणसं राहतात हे उघड आहे, आणि गोष्ट सांगते की राहत नाहीत. भरलेल्या पिंपाशेजारी घर जळतं आणि कुणी पाणी ओतत नाही. लेखकानं पार्श्वभूमी पाहिलेली नाही. दुसऱ्या पर्वात खालच्या शहरातल्या निदान एका बाईला चेहरा द्यावा, आणि पाणी ओतू द्यावं.

चिन्मयनं तिला आत बोलावलं तेव्हा पुरवणी त्याच्या टेबलावर होती.

"ताई, हे काय आहे?"

"उणिवा."

"बाकी सगळ्यांनी दोन ओळी लिहिल्यात. तुम्ही तर चार्जशीट काढलीय!"

"वाचलंस ना? मग सांग, यात खोटं काय आहे?"

"खोटं-खरं कुठून आलं यात? आपण व्हेंडर आहोत. ते भिंत मागतात, आपण भिंत देतो. भिंतीनं बोलायचं नसतं."

"मग कान कशाला ठेवलेत? मत कशाला मागवलं?"

"ताई, यार, तुमच्या नावासाठी मी भांडलोय तिथं!"

"मग थोडं आणखी भांड."

चिन्मयनं पुरवणी पाठवली. ती त्यानं धैर्यानं पाठवली की नजरचुकीनं गेली, हे रेवतीला कधी कळलं नाही. उत्तर दहा दिवसांनी आलं. समोर पडद्यावर जपानी कला-दिग्दर्शक, शेजारी दुभाषी बाई, इकडे चिन्मय, रेवती आणि तिच्या हाताखाली नुकतीच आलेली मयुरा, ठाण्याची, सत्तावीस वर्षांची. दिग्दर्शकानं रेवतीला वाकून नमस्कार केला. तिनं लक्षात आणून दिलेली विसंगती अगदी योग्य आहे, असं दुभाषीनं सांगितलं. लेखकालाही ती पटली. रेवतीचा चेहरा खुलला.

"म्हणून," दुभाषी पुढे म्हणाली, "दुसऱ्या पर्वात त्याच खोल्या पुन्हा येतील तेव्हा पिंप, डबे, कपडे काढून टाकावेत. म्हणजे तिथं कुणी राहत होतं असा गैरसमज होणार नाही."

रेवतीनं दुभाषीला तेच वाक्य पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही ते तसंच होतं.

"गैरसमज?" ती मराठीतच म्हणाली. मग हिंदीत, मग इंग्रजीत. "त्यांना सांगा, हा गैरसमज नाहीये. मी ही माणसं पाहिलीत. मी काढणार नाही."

दुभाषीनं काय सांगितलं कोण जाणे. दिग्दर्शक पुन्हा वाकला. पडदा बंद झाल्यावर चिन्मयनं डोकं धरलं.

"एका क्लिकचं काम आहे, ताई! सगळं सामान तुम्हीच वेगळ्या लेअरवर ठेवलंय."

हे खरं होतं. चित्राचे थर वेगवेगळे ठेवावेत, खोली एका थरावर, सामान दुसऱ्या, म्हणजे पुढच्याला बदल करणं सोपं जातं. ही शिस्त स्टुडिओतल्या प्रत्येक मुलाला तिनंच लावली होती.

"मग कर तू क्लिक," ती म्हणाली.

"लीड जाईल हातातून. खरंच सांगतोय. मयुराला द्यावी लागेल."

"दे."

"आणि तुम्हाला कुठं बसवू मी? सध्या फक्त बालवाडीची मालिका चालू आहे. उंदराची."

रेवती बाहेर आली आणि पाणी पिण्याच्या जागेशी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. नाव एकटं, स्वतंत्र. मिरजेला आई अजून होती. तिला ते पडद्यावर थांबवून दाखवता आलं असतं. हा विचार आल्यावर तिला जास्तच संताप आला.

काम मयुराला मिळालं. तिनं सामानाचे थर बंद केले, दोनशे चौदा चित्रांतून, अडीच दिवसांत. तिसऱ्या दिवशी ती रेवतीच्या टेबलाशी आली. चेहरा उतरलेला.

"ताई, जरा बघता का? सामान गेलं, पण खोली रिकामी दिसत नाहीये."

रेवतीनं पाहिलं. फळी गेली होती, पण फळीच्या वर धूर न लागलेली भिंतीची पट्टी फिकट राहिली होती. डबे गेले होते, त्यांच्या सावल्या राहिल्या होत्या. दोरी गेली, खिळे आणि खिळ्यांखालचे गंजाचे ओघळ राहिले. जमिनीवर ओलं वर्तुळ तसंच होतं. हे सगळं तिनं मूळ खोलीच्या थरात रंगवलं होतं, कारण डाग सामानाचे नसतात, घराचे असतात. खोली आता अशी दिसत होती की कुणाला तरी नुकतंच ओढून बाहेर काढलंय.

"हे कसं काढायचं?" मयुरानं विचारलं.

"नाही निघत. खोल्या नव्यानं रंगवायला लागतील."

"सगळ्या?"

"हं."

"ताई, खरं सांगा. मुद्दाम केलं होतंत?"

"नाही गं. मुद्दाम करण्याएवढी अक्कल असती तर आणखी डाग टाकले असते."

मयुरा हसली नाही. "मी काय सांगू चिन्मयसरांना?"

"जे आहे ते सांग. तुझ्यावर येऊ देऊ नकोस."

चिन्मयकडं नव्यानं रंगवायला वेळ नव्हता. त्यानं डागांसकट चित्रं पाठवली आणि वर 'जुनाटपणाचा परिणाम' असं लिहिलं. रेवती वाट पाहत होती. तिच्या मनात एक वेडी आशा होती. आता तरी कुणाला तरी दिसेल. ती खोली पाहून कुणीतरी विचारेल, इथले लोक कुठं गेले? लेखकाला झोप लागणार नाही. निदान दिग्दर्शक तरी फोन करील.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिन्मय जवळजवळ धावतच आला. हातात टॅबलेट होता.

"रेवतीताई! मान गये! वाचा, वाचा!"

दिग्दर्शकाचं पत्र होतं. रिकाम्या खोल्या त्यांना अतिशय आवडल्या होत्या. भिंतीवरचे फिकट पट्टे, जमिनीवरचं ओलं वर्तुळ, ही रचना विलक्षण सुंदर आणि उदास आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पहिल्या भागाची सुरुवात याच खोल्यांवरून कॅमेरा फिरवत करणार होते. संगीतकाराला चित्रं पाठवलीही होती. पियानो. ज्या कलावंतानं हे डाग रंगवले, त्यांनीच दुसऱ्या पर्वाची जबाबदारी घ्यावी, अशी विनंती होती.

रेवतीनं पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग पहिल्यापासून वाचलं. खोल्यांत कोण होतं, हा प्रश्न त्यात कुठंही नव्हता.

"एक शब्द बाईच्या चेहऱ्याबद्दल?" तिनं विचारलं.

"कुठल्या बाईच्या?"

"मी पुरवणीत लिहिलं होतं."

"अहो ताई, ते सोडा ना आता! तुमचं काम आवडलंय त्यांना. तुमचेच डाग. जीत गये आप! मयुराशी मी बोलतो, ती समजून घेईल."

"जिंकले?" रेवतीचा आवाज चढला. शेजारच्या दोन मुलांनी कानातलं काढलं. "सामान नेलं, माणसं नेली, मागे राहिलेल्या डागांवर पियानो लावतायत, आणि मी जिंकले? चिन्मय, तुला काही दिसतं का रे? का तुझ्याही डोळ्याचं पारणंच फिटतं नुसतं?"

"ओरडू नका प्लीज."

"ओरडणार. बारा वर्षं भिंत म्हणून बसले, आता ओरडणार. आणि मी जे काही काढीन ते सुंदरच दिसणार, मला दुसरं येत नाही. त्यांना तेच पाहिजे. मी राख काढली तर राखेला फ्रेम करतील!"

मयुरा लांबून बघत होती. रेवतीनं तिच्याकडं पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला.

"लीड तिचीच राहू दे. नाव तिचं लावा. माझं त्या तीस नावांतसुद्धा नको. आणि मला ती उंदराची मालिका दे."

"तीन ते पाच वर्षांच्या मुलांची आहे ती, ताई. बिळं रंगवायची आहेत. तुमच्यासारखी आर्टिस्ट..."

"पण उंदीर बिळात राहतो ना? येतो-जातो? आग लागली तर पळतो की उभा राहून भाषण करतो?"

"ताई, तुम्ही चिडून निर्णय घेताय."

"हो, चिडूनच घेतेय," रेवती म्हणाली. "कथा कुठं आहे त्याची? आधी कथा दे मला. वाचल्याशिवाय मी आता एक खुंटीसुद्धा काढणार नाही."

"पार्श्वभूमीवाल्यांना कथा देत नाहीत, ताई. तुम्हाला माहितीये."

ती खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली आणि हात पुढे करून थांबली.